यळवशीची फेरी

गुरुवारी कचेरी दुपारीच उठायची आणि शुक्रवारी जुम्म्याची सुट्टी असायची. सरकारी फसली कालगणनेच्या तेराशे पन्नास साली वेळा अमावस्या नेमकी शनिवारी आली, म्हणून रेणुकादासनं शनिवारची रजा मागितली आणि ती मिळाली. अडीच दिवस हातात आले. पैमाइशीच्या खात्यात लागल्यापासून अकरा वर्षांत एवढा सलग वेळ त्याला घरी क्वचितच मिळाला होता. जमिनी मोजायच्या, हद्दीचे दगड तपासायचे, नकाशे ओढायचे. महिन्यातले वीस दिवस गावोगाव जायचे.

उदगीरला बदली होऊन तीन महिने झाले होते. किल्ल्याकडे जाणाऱ्या वाटेवर, वस्ती संपते तिथं, संगप्पा नावाच्या अडत्याचं घर त्यानं भाड्यानं घेतलं होतं. पुढं ओसरी, मग दोन खोल्या, मागं स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून दोन पायऱ्या उतरलं की परस. घरात माणसं दोनच, तो आणि त्याची बायको विमल. त्यांच्याखेरीज चंद्री नावाची कुत्री आणि बेगम नावाची मांजर. चंद्री पिल्लू असल्यापासून विमलची. नांदेडहून येताना तिला टोपलीत घालून रेल्वेनं आणलं होतं. बेगम मात्र या घरातच सापडली होती. आधीचे भाडेकरू तिला मागं ठेवून गेले होते.

परसात कुणी पाऊल टाकत नव्हतं. रुई, एरंड, तरोटा, आघाडा माणसाच्या छातीएवढा वाढून आता थंडीत वाळायला लागला होता. पलीकडं तांबड्या दगडाची भिंत दिसायची, पुरुषभर उंच, बिनदाराची. भिंतीमागं बोळ होता. घर घेतलं त्या दिवशीच रेणुकादासनं फीत काढून परस मोजून टाकलं होतं. पायरीपासून मागच्या भिंतीपर्यंत बासष्ट फूट, रुंदी एकतीस. जागा दिसली की मोजायची, ही त्याची खोड. तेव्हा विमल दारात उभी राहून हसली होती.

"मला बी असंच मोजून बघूनच केलं व्हतं का?"

परस साफ करायचं तिच्याच डोक्यात आलं. ती शिरूर अनंतपाळची, शेतकऱ्याच्या घरातली. यळवस, म्हणजे वेळा अमावस्या, तिच्या लेखी वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. शेतात कडब्याची कोप उभी करायची, तिच्यात पाच दगडांना चुना लावून पांडव म्हणून पुजायचे, सगळ्या डाळी-भाज्यांची भज्जी आणि ताकातली अंबील करायची, आणि अंबिलाचं मडकं घेऊन शेताच्या कडेनं शिंपडत फेरी घालायची. दर वर्षी ती माहेरी जायची. या वर्षी भावाच्या घरी बाळंतपण झालेलं, सोयर होतं, यळवस व्हायची नव्हती.

"शेत न्हाई तर परस तरी हाय," ती म्हणाली. "तेवढं साफ करू. लक्ष्मीला काय, माती पायजे."

नांदेडच्या रेणुकादासला या सणाचं फारसं काही नव्हतं. पण बायकोचा चेहरा महिनाभर उतरलेला तो बघत होता. गुरुवारी दुपारी जेवण झाल्याबरोबर त्यानं धोतर खोचलं आणि विळा हातात घेतला.

काम बरं चाललं. वाळकी झाडं विळ्याला कडकड बोलत होती. तो कापत होता, विमल मागून ओढून ढीग घालत होती. चंद्री गवतात घुसायची, कुठंतरी लांबवर भुंकायची आणि अंगभर गोखरू घेऊन परत यायची. बेगम उंबऱ्यावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. विमलनं दोनदा उचलून तिला खाली सोडलं. दोन्ही वेळा ती परसाच्या मातीला पाय लागताच उडी मारून उंबऱ्यावर गेली.

"थंडी हाय ना, म्हणून," विमल म्हणाली.

ऊन कलायला लागलं तेव्हा शेजारच्या भिंतीवरून गुरम्मा डोकावली. सत्तरीची एकटी बाई. तिच्याकडं दोन म्हशी होत्या आणि विमल तिच्याकडून ताक आणायची. गुरम्मानं साफ झालेल्या जागेकडं पाहिलं, मग मागच्या गवताकडं.

"साकु, यव्वा, साकु," ती म्हणाली. बोलता बोलता तिची कानडी मध्येच यायची. "एवढं बस हाय. पाच दगड मावत्यात की."

"सगळंच काढायचं आहे," रेणुकादास म्हणाला. "साप-विंचवाचं घर होऊन बसलंय."

"साप न्हाई तिथं," गुरम्मा म्हणाली. "काहीच न्हाई तिथं. कधी बेडूक बी वरडत न्हाई."

आणि तिचं डोकं भिंतीआड गेलं.

रात्री विमलनं पिठलं-भाकरी केली. रेणुकादासच्या तळहातांना फोड आले होते, तिनं त्यांना तेल लावलं. दिवसभराच्या मेहनतीनं दोघंही गाढ झोपली.

शुक्रवारी सकाळी त्यानं साफ झालेली जागा मोजली. सहज, खोड म्हणून. पायरीपासून गवताच्या कडेपर्यंत छत्तीस फूट. म्हणजे सव्वीस फूट राहिले, दुपारपर्यंत काम आटोपेल. पण उभं राहून बघितलं तर भिंत तेवढी जवळ वाटेना. काल उंबऱ्यातून दिसायची तशीच ती दिसत होती, तेवढ्याच अंतरावर.

त्यानं फितीचं टोक विमलच्या हातात दिलं. "इथंच उभी राहा, हलू नकोस." स्वतः गवत बाजूला सारत भिंतीपर्यंत गेला, दगडाला फीत टेकवली.

चाळीस.

छत्तीस आणि चाळीस, शहात्तर. चौदा फूट जास्त. त्यानं परत मोजलं. मग कचेरीची साखळी आणून मोजलं. साखळीची कडी कधी ताणली जात नाही, लोखंड असतं. शहात्तरच आलं. तो पुढच्या दारानं निघाला, बोळातून वळसा घालून बाहेरच्या बाजूनं भिंत मोजली. घराच्या कोपऱ्यापासून मागच्या कोपऱ्यापर्यंत, पायऱ्यांची जागा वजा करून, बासष्ट फूट.

तो बोळात साखळी हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला. अकरा वर्षांत त्यानं हजारो शेतं मोजली होती. बाहेरून एक आणि आतून दुसरं, असं एकही शेत त्याला भेटलं नव्हतं.

"काय झालं?" विमलनं विचारलं.

"काही नाही. साखळीत गाठ पडली होती."

हे तो खोटं का बोलला ते त्याला कळलं नाही. बहुधा तिचा सण बिघडू नये म्हणून.

दुपारपर्यंत त्यानं जीव खाऊन कापणी केली. कापेल तेवढी जागा मोकळी होत होती, पण भिंत जिथल्या तिथं. मग डोक्याच्याही वर वाढलेल्या एरंडाच्या एका जाडजूड पट्ट्यापाशी तो दमून थांबला आणि त्याला विळ्याचा आवाज आला.

सर्र. सर्र. सर्र.

त्यानं आपल्या हाताकडं पाहिलं. विळा खाली टेकलेला होता. विमल पायरीवर बसून शेंगा सोलत होती. आवाज पट्ट्याच्या पलीकडून येत होता, एका लयीत, मधूनच थांबत, जसं कुणी कापलेलं बाजूला टाकत असावं. चंद्री त्याच्या पायाशी उभी होती. तिच्या पाठीचे केस उभे राहिले होते. ती एकदा भुंकली.

पलीकडून एक कुत्रं भुंकलं. तोच आवाज, तशीच शेवटी चिरकणारी किंकाळी.

किल्ल्याच्या तटावरून आवाज परततो, तो मनाशी म्हणाला. पण विळ्याचं काय? तो खाली ठेवलेला विळा कसा परततो?

तो पट्टा हातांनी बाजूला करत आत घुसला. आठ-दहा फूट गेल्यावर तो एकदम मोकळ्या जागेत आला. भिंतीपर्यंतची सगळी जमीन साफ होती. कापलेल्या गवताचा ढीग एका बाजूला नीट रचलेला होता. रुईच्या बुडख्यांतून पांढरा चीक अजून निथळत होता. माणूस कुणीच नव्हता. त्यानं वाकून बुडखे पाहिले. कापणाऱ्यानं भिंतीकडं पाठ केली होती आणि घराच्या दिशेनं कापत आला होता. त्यांच्याचकडं.

आणि वास येत होता. लसणाच्या फोडणीचा, उकळत्या डाळीच्या पिठाचा, आंबट ताकाचा. भज्जीचा वास.

तो बाहेर आला तेव्हा विमलनंही नाक वर केलेलं होतं. "कुणाच्या घरी आजच करायलेत वाटतं भज्जी," ती म्हणाली. "लसूण बगा कसा माझ्यावाणीच करपू दिलाय."

ती हसत होती. रेणुकादासला हसू आलं नाही. संगप्पानं कुणी गडी पाठवला असेल, भिंतीवरून चढून आला असेल, असं त्यानं तिला सांगितलं. स्वतःलाही तेच सांगितलं. राहिलेला पट्टा कापायला मात्र तो पुन्हा गेला नाही. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना, बाजूच्या भिंतींलगत, माणूस जाईल एवढी वाट होती, तेवढी तशीच राहिली.

संध्याकाळी विमल अंबिलासाठी ज्वारीचं पीठ ताकात कालवत बसली. ताक कमी पडलं म्हणून रेणुकादासच लोटा घेऊन गुरम्माकडं गेला. तिनं ताक ओतलं आणि लोटा लगेच त्याच्या हातात दिला नाही.

"पलीकडं गेला व्हता तुमी."

"गेलो होतो."

"शेषेराव मास्तरानं बी असंच काढायला घेतलं व्हतं. तुमच्या आदी तेच व्हते या घरात, नवरा-बायको. तीन वर्सं."

"मग?"

"मग काय. गेले बदली करून." गुरम्मानं लोट्याच्या कडेवरून बोट फिरवलं. "त्याची बायको रोज माज्याकडं ताकाला यायाची. सुनंवाणी व्हती मला. जाताना गाडीत बसली अन् मी पुडं गेले, तर तिनं माज्याकडं कसं बगितलं सांगू? जसं पहिल्यांदाच बगायली. नमस्कार केला तिनं मला. परक्या बाईला करत्यात तसा."

"म्हातारपणी असं वाटतं, गुरम्मा," तो म्हणाला आणि लोट्यासाठी हात पुढं केला.

"हाव, वाटतं," म्हणून तिनं लोटा दिला.

शनिवारी सकाळी धुकं लवकर विरलं आणि स्वच्छ ऊन पडलं. स्टेशनाकडून गाडीची शिट्टी ऐकू आली. गावातले लोक डोक्यावर टोपल्या घेऊन शेतांकडं निघाले होते. सगळी वाट बायकांच्या बोलण्यानं भरून गेली आणि थोड्याच वेळात पार रिकामी झाली. गुरम्माही म्हशी सोडून भाच्याच्या शेतावर गेली. आसपास कुणी उरलं नाही.

पहाटेपासून विमल चुलीपुढं होती. हरभरा, तूर, वाल, वाटाणा, शेंगदाणे, मेथी, कांद्याची पात, सगळं एका मोठ्या पातेल्यात शिजत होतं. बाजरीचे उंडे झाले, तिळाच्या पोळ्या झाल्या, गव्हाची खीर झाली. रेणुकादासनं परसाच्या मधोमध कडब्याच्या पाच पेंढ्या टेकवून कोप उभी केली. विमलनं आत पाच दगड मांडून चुना लावला, हळदकुंकू वाहिलं, नैवेद्य दाखवला. तिनं माहेरचं हिरवं इरकली लुगडं नेसलं होतं. इतकी खूश ती नांदेडलाही कधी दिसली नव्हती.

मग तिनं अंबिलाचं मडकं कमरेवर घेतलं आणि ज्वारीचं एक धाट शिंपडायला हातात धरलं.

"फेरी घालून येते. तवर तुमी पानं मांडा."

"पुढच्या पुढं घाल," रेणुकादास म्हणाला. "एरंडाच्या मागं जाऊ नकोस."

"का?"

"कुणीतरी कापून गेलंय तिथं. बुडखे टोकदार आहेत, पायाला लागतील."

"अर्धी फेरी कुणी घालतं का?" ती म्हणाली. "हद्दीच्या कडेनंच जायाचं असतं. तुमाला तर म्याच सांगायचं का हद्द म्हंजे काय?"

तो उठला. "मग मी येतो बरोबर."

"फेरी एकटीनंच घालायची असते. नैवेद्यापाशी कुणीतरी बसावं लागतं. बेगमला बगा, ती पातेल्यात तोंड घालील." आणि ती निघाली.

डाव्या भिंतीच्या कडेनं ती चालली होती, शिंपडत, सणाची आरोळी मोठ्यानं देत. एरंडाच्या टोकाशी तिनं वळून त्याच्याकडं पाहिलं, हसली आणि पट्ट्याच्या मागं गेली.

रेणुकादास मोजायला लागला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण तो मोजत होता. परसाची रुंदी एकतीस फूट. बाईमाणसाची पावलं बारा-तेरा. विसापर्यंत ती दुसऱ्या बाजूनं दिसायला पाहिजे.

तिची आरोळी ऐकू येत होती. वीस झाले.

तीस झाले. आरोळी येत होती, पण लांबून, शेताच्या दुसऱ्या बांधावरून यावी तशी.

साठ.

चंद्री उठून उभी राहिली.

"विमल!"

शंभराच्या पुढं त्यानं मोजणं सोडलं आणि तो धावत निघाला. तो निम्म्यावर पोचला असेल, तेवढ्यात उजव्या भिंतीच्या कडेनं ती आली. हिरवं लुगडं, कमरेवर मडकं, हातात धाट.

"किती वेळ लावलास! हाक मारली तर ओ तरी द्यायची."

ती थांबली. तिनं त्याच्याकडं पाहिलं, मग त्याच्या मागं, घराकडं, दाराकडं, कोपीकडं. पुन्हा त्याच्या चेहऱ्याकडं. इतका वेळ तिनं त्याच्याकडं कधी पाहिलं नव्हतं.

"मडकं जड व्हतं," ती म्हणाली.

आवाज विमलचाच. चेहरा विमलचाच, कपाळावरचा देवीचा बारीक वणसुद्धा तोच. ती कोपीपाशी येऊन बसली. मडकं खाली ठेवलं. ते काठोकाठ भरलेलं होतं.

"शिंपडलंच नाहीस?"

"शिंपडलं की," ती म्हणाली आणि मडक्याकडं बघत राहिली.

चंद्री तिच्याजवळ गेली नाही. भुंकलीही नाही. तिनं लांबूनच एकदा वास घेतला आणि एरंडाकडं तोंड करून बसली.

तिनं पानं वाढली. भज्जी, उंडा, पोळी, खीर. रेणुकादासनं पहिला घास उचलला.

तेव्हा ती हाक आली.

"अहो! ऐकलं का?"

भिंतीकडून. लांबून. विमलची.

त्याचा घास हातात राहिला. समोर बसलेल्या बाईचे ओठ मिटलेले होते.

"अहो! कुठं हायसा? ह्ये घर कसं झालंय? अहो!"

चंद्री सुटली. एका झेपेत एरंडात घुसली, आणि तिचं भुंकणं लांब लांब जात राहिलं, बासष्ट फुटांच्या कितीतरी पुढं.

रेणुकादास उठला. पान सांडलं. विळा घ्यायचं त्याला भानच राहिलं नाही. त्यानं एरंड हातांनी मोडले, अंगानं तुडवले आणि पट्ट्यातून पार झाला.

समोर भिंत होती. दोन पावलांवर.

त्यानं दगडांवर थापा मारल्या. "विमल! विमल!" भिंतीवर चढून तो बोळात पडला. बोळ रिकामा होता, ऊन पडलेला. चिंचेखाली एक बकरी पाला खात होती.

हाक पुन्हा आली. आता ती बोळातून येत नव्हती, परसातूनही नाही. तो ज्या बाजूला तोंड करी त्याच्या मागून येई, आणि दर वेळी थोडी बारीक होई. त्यात आता शब्द उरले नव्हते. मग तीही थांबली.

गुडघे फुटलेल्या अवस्थेत तो पुढच्या दारानं घरात आला, साखळी घेतली आणि एकट्यानं, खुंटी मारून, परस मोजलं. तीन वेळा.

बासष्ट. बासष्ट. बासष्ट.

ती बाई कोपीपाशी तशीच बसलेली होती. तिच्याही पानातलं अन्न तसंच होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज नव्हता.

"तू कोण आहेस?" त्यानं विचारलं.

"विमल," ती म्हणाली. "शिरूरची."

"माझी बायको कुठं आहे?"

तिनं एरंडाकडं बोट केलं. मग म्हणाली, "मी बी तिकडं हाका मारल्या. पल्याड गेल्यावर. लई हाका मारल्या. मग वाट दिसली म्हणून आले, तर तुमी उभे." तिनं पदर तोंडाला लावला. "तुमी त्येंच्यासारखेच दिसता."

सांगायचं तरी कुणाला? पोलिसातल्या अमीनसाहेबाला? चौकीत? माझी बायको हरवली आहे आणि ती घरात आहे, असं कुठल्या अर्जात लिहायचं?

दुपार गेली. भिंतीवरून आलेली सावली कोपीवर पडली. गावातले लोक शेतांवरून परतायला लागले, गाड्यांची घुंगरं वाजली. गुरम्माच्या म्हशी आल्या. गुरम्मानं भिंतीवरून एकदा पाहिलं. परसात बसलेली बाई उठली आणि तिनं हात जोडून तिला नमस्कार केला. गुरम्माचं डोकं भिंतीआड गेलं. थोड्या वेळानं तिच्या खिडकीची फळी लावल्याचा आवाज आला.

दिवेलागणीला ती उठून स्वयंपाकघरात गेली. रेणुकादास मागच्या पायरीवर बसून होता, एरंडाच्या मोडलेल्या खुंटांकडं बघत. आत तिनं दिव्याचा कोनाडा चाचपडत शोधल्याचं त्याला ऐकू आलं. आधी ती तो भलत्याच बाजूला शोधत होती, मग सापडला. "सोने, ये," तिनं हाक मारली. उंबऱ्यावरची बेगम उठली, शेपटी वर करून आत गेली आणि तिच्या मांडीला अंग घासायला लागली. मांजराला कसलाच फरक पडलेला नव्हता.

काटवटीत पीठ मळल्याचा आवाज आला, मग थापल्याचा. ती थप-थप ओळखीची होती. डोळे मिटले तर सगळं कालच्यासारखंच होतं. तो उठून दारात उभा राहिला.

तिनं दोन भाकऱ्या करून टोपल्यात ठेवल्या होत्या. उरलेल्या पिठाचा एक छोटा गोळा तिनं उचलला आणि दोन बोटांनी तळहाताएवढी चानकी थापली, लेकरांसाठी करतात तशी. ती तव्यावर टाकली, निखाऱ्यावर फुगवली. वाटीत दूध घेतलं, चानकी बारीक कुस्करली, गुळाचा खडा घातला, बोटानं कालवलं आणि गरम लागते का ते आपल्या ओठाला लावून बघितलं.

मग वाटी हातात धरून तिनं सवयीनं मान वळवली आणि खालच्या बाजूला, जमिनीपासून हातभर उंचीवर, कुणीतरी उभं असावं तसं पाहिलं.

रेणुकादासच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. त्या घरात मूल नव्हतं.

तिची नजर त्या रिकाम्या जागेवर थांबली. वाटी तिनं खाली ठेवली नाही.